नरसाळ्यातलं लग्न

लग्न ही आयुष्यात एकदाच आणि पूर्ण शुद्धीवर असताना करायची गोष्ट आहे, असं आम्हा खांबेट्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मानत आलेत. माझं दोनदा झालं. पहिल्या खेपेला मी परक्या चुलीपुढे ओले पायमोजे वाळवत बसलो होतो, आणि लग्न लागल्याचं मला सगळ्या गावाबरोबरच कळलं.

"गप," दोना फेलिझ्मिना म्हणाली.

मी बोललोच नव्हतो. पायमोज्याचा थेंब निखाऱ्यावर पडून चर्र झालं होतं, तेवढंच. पण तिनं हात वर केला, खिडकीकडे कान केला आणि म्हणाली, "सुरू झालं."

बाहेर नुकतं अंधारून आलं होतं. चर्चच्या पायऱ्यांवरून कुणीतरी ओरडलं. आवाज विहिरीत पडलेल्या माणसासारखा होता. मग रस्त्यापलीकडच्या खडकावरून तसाच दुसरा आवाज आला.

"ऐका हो ऐका! कुणाचं लावायचं?"

"ज्याचं राहिलंय त्याचं!"

गावाचं नाव मोंत्राल. पोर्तुगालच्या पार उत्तरेला, डोंगरांत. गावामागच्या टेकडीवर पवनचक्क्या उभ्या राहत होत्या आणि त्यांच्या गिअरबॉक्सकडे बघायला कंपनीनं मला तिकडे पाठवलं होतं. सातारच्या पठारावर मी हेच काम करत असे, आणि वाऱ्याला भाषा लागत नाही असं आमच्या साहेबांचं मत होतं. वाऱ्याला लागत नाही, पण भाडेकरूला लागते. पोर्तोच्या ऑफिसात शिकलेली पाना-बोल्टांची पोर्तुगीज घेऊन मी फेलिझ्मिनाच्या घरात राहायला आलो आणि हिवाळाभर तिच्या चुलीपुढे बसून उरलेली शिकलो. ती सत्तरीला आलेली, जन्माची अविवाहित, बोलण्यात काटकसरी. मला ती 'इंजिनिअर' म्हणे, आणि त्या शब्दात 'बिचारा' हा अर्थ तिला आपोआप मिळवता येत असे.

बुधवारपासून त्यांचा ईस्टरपर्यंतचा लांबलचक उपवासकाळ सुरू होणार होता. त्याआधीचे हे दिवस मोकळे, एंत्रुदो म्हणतात. पोर्तुगालात ते गावागणिक निराळे. कुठे पुरुष लुगडी नेसल्यासारखे बायकांचे कपडे घालून नाचतात, कुठे माशाची प्रेतयात्रा काढून रडतात. मोंत्रालमध्ये लग्नं लावतात. आमच्याकडे शिमग्याला बोंब मारतात ती तोंडावर हात मारून. इथे तोंडाला नरसाळं लावून. पिंपातली वाइन ओतायचं पत्र्याचं मोठं नरसाळं. रविवारी संध्याकाळी पोरं ते घेऊन चढतात आणि गावातल्या प्रत्येक बिनलग्नाच्या माणसाची जोडी जाहीर करतात. वय, इच्छा, प्रकृती काही बघत नाहीत. सोमवारी दुपारी नवऱ्यानं बायकोच्या घरी जायचं, तिनं जेवायला घालायचं. बुधवारी सकाळी कपाळाला राख लागली की सगळी लग्नं मोडली. कोर्ट नाही, पोटगी नाही.

"इदालिना, कॅफेवाली!" पायऱ्या ओरडल्या. "कुणाला देऊ?"

"आदेरितोला द्या! त्याचा एक पाय अधू आहे, हिच्या कॉफीनं दुसराही जाईल!"

"आंदण काय?"

"कॅफेतला कुत्रा, आणि त्यानं खाल्लेला इंजिनिअरचा चामडी हातमोजा!"

हे खरं होतं. त्या कुत्र्यानं माझा हातमोजा खाल्ला होता, आणि त्याआधी कुणाच्या तरी खोगिराचा पट्टा. मी हसलो. फेलिझ्मिनाचा डाव सूपमध्ये थांबला.

"कुणाला म्हणाले?"

"आदेरितोला."

"नीट ऐक."

"आदेरितोला, दोना. कुत्र्यासकट."

तिनं डाव काढला, ठेवला, पुन्हा घेतला. तेवढ्यात तिचंच नाव आलं.

"फेलिझ्मिना! कुणाला देऊ?"

"घरातल्या घरात द्या! इंजिनिअरला द्या, सेन्योर निशिकांतोला! तो मांस खात नाही, ती कुणाला देत नाही; संसार सुखाचा!"

"आंदण काय?"

"टेकडीवरचा सगळा वारा!"

गावभर हशा झाला. मला खरं तर भरून आलं. एवढ्या महिन्यांत मोंत्रालनं मला नावानं हाक मारली ती ही पहिली. मी पायमोजे हातात घेऊन उठलो, काहीतरी समयोचित बोलावं म्हणून. फेलिझ्मिनानं सूप चुलीवरून उतरवलं. ते शिजलेलं नव्हतं.

"जेवून घे," ती म्हणाली.

"अहो, गंमत आहे ना ही?"

"हो. गंमतच आहे."

चुलीवरच्या आडव्या काठीला हिवाळाभर सॉसेजं धुरी घेत टांगलेली असत. एक मात्र वेगळ्या खिळ्याला, निळ्या दोऱ्यानं. डुकराच्या जठरात हाडांसकट मांस ठासून धुरावतात, त्याला तिथे बुतेलो म्हणतात. हे नारळाएवढं होतं, आणि नारळाइतकंच हसरं. त्याच्याखालून जाताना मी डोकं लववत असे. श्रद्धेनं नव्हे, वासामुळे. मी शाकाहारी आहे हे पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा फेलिझ्मिनानं माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला होता. ह्या निळ्या दोऱ्याबद्दल मी एकदा विचारलं होतं.

"ते सोमवारचं," ती म्हणाली होती.

"कुठल्या सोमवारचं?"

"सोमवार एकच असतो. खाणारा येतो. ताटात कधी कणसुद्धा टाकत नाही." आणि एवढं बोलणं जास्त झाल्यासारखी ती कोंबड्यांकडे निघून गेली होती.

आता ती त्या बुतेलोखाली गेली, वर बघितलं, आणि हात लावून ते स्थिर केलं. ते हलत नव्हतं.

अभिनंदन स्वीकारायला म्हणून मी कॅफेत गेलो. तिथे इदालिनानं काउंटरवरून हात घालून केव्हिनचा कान धरला होता. केव्हिन तिचा मावसभाऊ. आईबाप कामासाठी फ्रान्सला गेलेले, हा तिथेच जन्मलेला, लिऑंमध्ये फरश्या बसवणारा. दरवर्षी सुट्टीला गावी येऊन तो आपण मूळचे कोण आहोत हे शोधत असे, बहुतेक बिअरमध्ये. पायऱ्यांवरचं नरसाळं यंदा त्याच्या हातात होतं. पत्र्याचा वळ अजून ओठांभोवती गोल उमटलेला होता.

"या नवरदेव," इदालिना मला म्हणाली. ती तिशीची, लिस्बनला विमा कंपनीत नोकरी करून, माणसांना कंटाळून परत आलेली. "बायकोनं काय घातलं जेवायला?"

"कच्चं सूप."

"ऐकलंस?" तिनं कान पिळला. "कच्चं सूप! फेलिझ्मिनाकडे!"

"मला कसं कळणार?" केव्हिन कळवळला. "मला वाटलं, दरवर्षी त्या दोघांचं तेच ते. काहीतरी नवीन करू."

"नवीन! तुला जन्मभर एकच फुटबॉल क्लब चालतो, तो सगळे सामने हरतो, तरी चालतो. तिथे नाही नवीन लागत?"

"कुणाचं तेच ते?" मी विचारलं.

इदालिनानं हनुवटीनं कोपरा दाखवला. तिथे आदेरितो बसला होता. उंच, वाळका, एक डोळा ढगाळलेला, हसला तर पुढचे तीनच दात. हातात पत्ते होते आणि समोर कुणीच नव्हतं. मला तो रोज दिसायचा. मेंढ्यांमागून लंगडत जाणारा, टोपीला हात लावून नमस्कार करणारा. फेलिझ्मिनाच्या घरावरून जाताना मात्र तो समोरची भिंत बघत जाई. मला वाटायचं, त्याला भिंती आवडतात.

"त्या दोघांच्या घरांत पाण्यावरून भांडण आहे," इदालिना हळू म्हणाली. हळू म्हणजे कॅफेत सगळ्यांना ऐकू जाईल इतकं. "पाटाच्या पाळीवरून. त्याचा बाप आणि तिचा भाऊ कुदळी घेऊन एकमेकांवर धावले होते. ते दोघेही मेले, ही दोघं राहिली. बोलत नाहीत. रस्त्यात समोर आली तर हा भिंत बघतो, ती बादलीत बघते."

"बरं."

"पण नरसाळ्यातून लागलेलं लग्न भांडण-बिंडण मानत नाही. सोमवारी नवरा दारात आला की त्याला आत घ्यावंच लागतं, मग तो कुणाचाही मुलगा असो. म्हातारा झेफेरिनो ओरडायचा तोपर्यंत दरवर्षी त्या दोघांचं लावायचा. मी जन्मायच्या आधीपासून. सोमवारी हा तिच्याकडे जाऊन बसायचा. वर्षातनं तेवढंच."

"आणि झेफेरिनो?"

"चेस्टनट पडायच्या दिवसांत गेला. नरसाळं ह्याच्याकडे आलं, अक्कल तिकडेच राहिली."

मी शिकलेला माणूस असल्यामुळे मला लगेच उपाय सुचला. "मग पुन्हा ओरडा की. चूक झाली म्हणावं."

कॅफे शांत झाला. टीव्हीवरचा माणूससुद्धा नेमका तेव्हाच थांबला.

"नरसाळ्यातून गेलेलं परत घेत नाहीत," काउंटरपाशी उभा असलेला एक जण म्हणाला. "एकदा घेतलं होतं. माझ्या आजोबांच्या वेळी."

"मग काय झालं?"

त्यानं विचार केला. "काही नाही झालं. पण घेत नाहीत."

"मग मी उद्या जातच नाही. माझ्याऐवजी हे जातील."

"म्हणजे तू दोना फेलिझ्मिनाला नाकारलीस," इदालिना म्हणाली. "सगळ्या गावादेखत. आणि हा बिनबोलावता शत्रूच्या घरात शिरला. वा. पवनचक्क्या तूच लावतोस ना? पडत कशा नाहीत?"

मी आदेरितोकडे वळलो. "सेन्योर आदेरितो, तुम्ही मंगळवारी जा. शांतपणे."

त्याच्या चेहऱ्यावर, मी हेल्मेटशिवाय मनोऱ्यावर चढायला सांगितल्याचा भाव आला. "मंगळवारी?" तो म्हणाला. "मंगळवारी आम्ही बोलत नाही."

मग त्यानं एक पत्ता निवडून समोर टाकला, जणू कुणी खेळत होतं. "असू दे, पोरी. सोड त्याचा कान. पुढच्या वर्षी नीट ओरडतील."

"झेफेरिनो पण हेच म्हणाला होता," इदालिना म्हणाली. "गेल्या वर्षी, इथेच बसून. पुढच्या वर्षी जरा लवकर ओरडू, थंडी बाधते."

आदेरितोनं टाकलेला पत्ता उचलून परत हातात लावला. तेव्हा मला पहिल्यांदा माझ्या लग्नाची लाज वाटली. मी काहीच केलं नव्हतं, पण लग्नात नवऱ्यानं फारसं काही करायचं नसतंच.

इदालिनानं केव्हिनचा कान सोडला. ती फ्रीजच्या वर बघत होती. तिथे खिळ्याला कारेतोचा मुखवटा टांगलेला होता. लाल पत्र्याचा, चोचीसारख्या नाकाचा.

"इंजिनिअर," ती म्हणाली, "तुझी उंची किती?"

कारेतो म्हणजे ह्या दिवसांत गावभर धावणारी सोंगं. लाल, हिरव्या, पिवळ्या लोकरीच्या झालरींचा अंगभर पोशाख, तोंडावर मुखवटा, कमरेला गुरांच्या गळ्यातल्या घंटांचा पट्टा. बायका दिसल्या की धावत जायचं आणि कंबर हलवून घंटा त्यांच्यावर आदळायच्या. तिथे ह्याला परंपरा म्हणतात. आमच्याकडे ह्याला कलम आहे. पण नियम एकच आणि कडक: मुखवट्यामागच्या माणसाला नाव विचारायचं नाही, ओळखलं तरी खरं नाव घ्यायचं नाही, आणि मुखवटा ओढायचा नाही.

"नवऱ्यानं तोंड दाखवूनच गेलं पाहिजे, असं कुठे आहे?" इदालिनानं कॅफेला विचारलं.

कुठे आहे ते कुणालाच सांगता येईना. त्या गावातले सगळे नियम असे. कुठे लिहिलेले नसतात, म्हणून मोडायलाही जागा सापडत नाही. पण फट मात्र सापडते.

सोमवारी दुपारी कॅफेच्या कोठारात, बटाट्याच्या पोत्यांमध्ये, आम्ही कपडे बदलले. माझं कंपनीचं नारिंगी जॅकेट, पाठीवर पवनचक्कीचं चित्र, डोंगरापलीकडूनही ओळखू येईल असं, ते आदेरितोच्या अंगावर चढलं. वर लाल मुखवटा. त्याचा कारेतोचा पोशाख, त्याच्या मुखवट्यासकट, माझ्या अंगावर आला. तो त्याच्या आईनं विणलेला होता आणि त्याचं वजन साधारण तिच्याइतकं असावं.

मुखवटा चढवायच्या आधी मी बघितलं, त्यानं गुळगुळीत दाढी केली होती. कुणाला दिसणार नव्हती ती.

"लंगडता येतं का तुला?" त्यानं विचारलं.

"येईल की."

"उजवा. गुडघ्यातून. फार दुखल्यासारखं करू नकोस; तितकं दुखत नाही."

आम्ही वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडलो. चौक भरलेला होता. बाहेरगावी गेलेले सगळे परत आलेले, एकमेकांवर उधळलेल्या पिठानं पांढरे झालेले, वाइननं लाल झालेले. समोरून नारिंगी जॅकेट ठळक लंगडत फेलिझ्मिनाच्या घराकडे निघालं.

"काय इंजिनिअर, सासुरवाडीला?" कुणीतरी ओरडलं.

"लंगडतोय का हा?"

"ते त्याला भारतातच लागलंय," काउंटरपाशी काल उभा असलेला गृहस्थ गंभीरपणे म्हणाला. "जुनं आहे."

"हिवाळ्यात जास्त होतं," दुसरा म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. आख्खं गाव असं पाठ केल्यासारखं खोटं बोलताना मी फक्त निवडणुकीत पाहिलं होतं.

मग नजरा माझ्याकडे वळल्या.

"आदेरितो! पाय बदललास वाटतं!"

घाबरून मी डाव्या पायानं लंगडत होतो. बदलायला गेलो तर दोन्ही पायांनी लंगडायला लागलो, आणि तोल जाऊन घंटांसकट एका धिप्पाड बाईवर आदळलो. परंपरेप्रमाणे तिनं किंचाळायला तोंड उघडलं.

"सॉरी," मी म्हणालो.

तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. कारेतो माफी मागतो हे त्या चौकात पहिल्यांदाच घडत होतं.

"आदेरितो इंग्रजी शिकला," कुणीतरी म्हणालं.

"डोळ्याच्या डॉक्टरकडे शिकला असेल," त्या बाईनं सांभाळून घेतलं, आणि मला उभं केलं.

इदालिनानं नवरा म्हणून माझ्यापुढे चीज आणि उकडलेले चेस्टनट ठेवले, कुत्र्याला माझ्या झालरींपासून दूर बांधलं आणि म्हणाली, "आता मागच्या वाटेनं जा. चौकात आणखी थोडा वेळ राहिलास तर दोन्ही लग्नं मोडशील."

मागची वाट एकाच ठिकाणी जात होती. मोंत्रालची घरं खाली गोठा, वर माणसं अशी. बाहेरून दगडी जिना. फेलिझ्मिनाच्या जिन्यात मी पोचलो आणि लक्षात आलं की आत जाता येत नाही, कारण मी आधीच आत होतो. परतही जाता येईना. मागच्या गल्लीत कारेतोंची टोळी मला शोधत होती. मी पायरीवर बसलो. बसताना एक घंटा वाजली. मग मी सगळ्या घंटा दोन्ही हातांत मूठ करून धरल्या आणि श्वाससुद्धा वरवरचा घ्यायला लागलो.

दार फुगून नीट लागत नसे. आतला शब्द न्‌ शब्द ऐकू येत होता.

"तर मार्चात छपराचे दगड घसरले, इंजिनिअर," फेलिझ्मिना म्हणत होती. मला दचकायला झालं. मग कळलं, मुखवटा आहे, खरं नाव घ्यायचं नाही. ती नियमानं चालली होती. एवढंच की आवाज मला ओळखू येईना. ती भरभर बोलत होती.

"पाहिलं. गवंड्यानं उलट्या बाजूनं चढवले," आदेरितो म्हणाला.

"तू कुठून पाहिलंस?"

"रस्त्यावरून दिसतं."

"रस्त्यावरून तू भिंत बघत जातोस."

"जाताना. येताना बघतो."

तिनं त्याच्या ताटात आणखी वाढल्याचा आवाज आला.

"डोळ्याचं काय म्हणाले?"

"मे महिन्यात पोर्तोला नेणार. कापणार."

"मी मेणबत्ती लावली होती चर्चमध्ये."

"मग ती चांगल्या डोळ्याला लागली. तो फारच छान दिसायला लागलाय."

ती हसली. त्या घरात मी हिवाळा काढला होता आणि तिला हसता येतं हे मला माहीत नव्हतं. मग ती पुढे सांगत गेली, महिना महिना, काही न गाळता: कोंबडीला कोल्ह्यानं नेलं ते, भाचीचं बाळंतपण, चेस्टनट कमी आले ते, भाडेकरू ठेवला तो. "पोरगा चांगला आहे. खात नाही काही. आजारी असावा." मी जिन्यात घंटा आवळून बसलो होतो. पाठीत कळ येत होती. आदेरितोनं त्याच्या वर्षाचा हिशेब दिला तो मेंढ्यांचा, थोडक्यात. झेफेरिनोचं नाव आलं तेव्हा बाटली तिरकी झाल्याचा आवाज आला.

मग आवाज चढला.

"बांध तुझ्या बापानं फोडला, इंजिनिअर!"

माझे वडील कऱ्हाडच्या पोस्टात होते. बांध फोडणं सोडाच, त्यांनी कधी कुणाचं पाकीट फोडलं नाही.

"तुझ्या भावानं कुदळ आधी उचलली!"

"पाळी आमची होती!"

"सूर्योदयापर्यंत! सूर्य उगवला होता!"

"ढग होते!"

मी उठायच्या बेतात होतो; दोघांचं वय बघता कुणालातरी काहीतरी होईल असं वाटलं. तेवढ्यात आवाज चढला तसाच उतरला, दूध उतू जाता जाता कुणी फुंकर घालावी तसा.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं. यंदा ढगांचं तू आधी काढलंस."

"गेल्या वर्षी विसरले होते. संपवलंस का सगळं?"

"हे बघ."

"स्वच्छ," ती म्हणाली, आणि त्या एका शब्दात चुलीवरचा आख्खा हिवाळा होता.

खुर्ची सरकली. दार उघडून नारिंगी जॅकेट बाहेर आलं. जिन्यात मला बघून आदेरितो थांबला. लाल मुखवटा मला दिसत होता, माझा त्याला, आणि कोण कुठे गेला होता ह्याचा हिशेब मनात लावायला दोघांनाही जरा वेळ लागला. त्यानं टोपीला हात लावायला हात वर केला, टोपी नव्हती. मग तो खाली उतरला, आणि जिन्याच्या तळाशी पोचल्यावर लंगडायला विसरला. पाच-सहा पावलं. मग आठवलं.

मी आत गेलो. फेलिझ्मिना ताटल्या विसळत होती. निळा दोरा खिळ्याला रिकामा लोंबत होता.

"कसं झालं लग्न?" तिनं पाठमोरी विचारलं.

"दमलो."

"दमतात नवरे."

मी घंटांचा पट्टा सोडून टेबलावर ठेवला. इंजिनिअर माणसाला अपुरी राहिलेली गोष्ट सहन होत नाही. "दोना फेलिझ्मिना, तो पाण्याचा पाट कुठे आहे? मी सगळं शिवार फिरलोय. मला कुठे पाट दिसला नाही."

"तू जीप लावतोस ना, तिथे. बुजवला. नळ आला तेव्हा."

"म्हणजे नळ आल्यापासून पाटच नाही?"

"नाही."

"आणि भांडण?"

"ते आहे."

"अहो, पण पाणी नाही, भांडणारे मेले, तुम्ही दोघं इतकं बोलता... मग उरलेलं वर्षभर का नाही बोलत? रोज बोला की!"

तिनं ताटली खाली ठेवली आणि वळून माझ्याकडे बघितलं. पुन्हा कपाळाला हात लावते की काय असं मला वाटलं.

"रोज बोलायला आम्ही काय नवरा-बायको आहोत?" ती म्हणाली.

पुढे माझं दुसरं लग्न झालं, साताऱ्यात, वाजतगाजत. सौभाग्यवती आणि मी रोज बोलतो. बहुतेक भाजीबद्दल. फेलिझ्मिनाच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून द्यायचं आहे.

बुधवारी सकाळी कपाळाला राखेचे क्रॉस लावून गाव चर्चमधून बाहेर पडलं. चौकातलं पीठ झाडून काढलेलं होतं. माझं लग्न मोडलं होतं आणि मी जीपकडे चाललो होतो. फेलिझ्मिना झऱ्यावरून बादली घेऊन येत होती. कोंबड्यांना नळाचं पाणी ती देत नसे. समोरून मेंढ्या आल्या, मेंढ्यांमागे आदेरितो. वाट अरुंद होती. दोघं समोरासमोर आली तेव्हा मी, खरं सांगतो, थांबलो. कॅफेच्या दारात इदालिनाही थांबली होती.

त्यानं भिंत बघितली. तिनं बादली बघितली. मेंढ्या गेल्या.

माझं जॅकेट फाटकावर टांगलेलं होतं, नीट झटकून. मी ते चढवलं. खिसा जड लागला. आत कागदी रुमालात गुंडाळलेले बुतेलोचे जाड तुकडे होते. सगळेच्या सगळे, हाडांसकट. एकावर दात लावल्याची खूण होती, बाकीचे अखंड. तेव्हा मला आदेरितोचं हसणं आठवलं: त्याला पुढचे तीन दात सोडले तर दात नव्हते, आणि इदालिनानं मागाहून सांगितलं, तो वर्षानुवर्षं सूपवर होता.

मी शाकाहारी असल्यामुळे आणि उपवास सुरू झाल्यामुळे ते गावात कुणाला द्यायची सोय नव्हती. मी ते कॅफेच्या मागे नेऊन कुत्र्यापुढे ठेवले.

त्यानं हुंगलं, माझ्याकडे पाहिलं, आणि निघून गेला.